आश्विनातल्या काड्या

यज्ञेश्वर गायधनी सरांनी त्या दिवशी स्टाफरूममध्ये तीन पेढे खाल्ले. एक सगळ्यांनी घेतला म्हणून, दुसरा यशश्रीने आग्रह केला म्हणून, आणि तिसरा, तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही म्हणून. मधुमेहाची गोळी ते रोज सकाळी नेमाने घेत. पण त्या दिवशी त्यांच्या अंगात जे चढत होतं ते साखरेचं नव्हतं, आणि त्यावर औषधाच्या दुकानात काही मिळत नाही.

पेढे सरकारी अनुदानाचे होते. संशोधनासाठी सरकार जो पैसा देतं, त्यातला एक चांगला मोठा तुकडा नाशिकच्या या साध्यासुध्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाला मिळाला होता आणि तो आणला होता डॉ. यशश्री देवरे हिने. वय वर्षं चौतीस, मूळची सटाण्याची, कांदेवाल्यांच्या घरातली. पंधरा वर्षांपूर्वी ती याच कॉलेजात शिकायला आली तेव्हा गायधनी सरांच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची आणि परीक्षानळी तिरकी धरायची. ती सरळ कशी धरायची हे सरांनीच शिकवलं होतं. आता ती विभागात त्यांच्या बरोबरीची होती, म्हणजे पगाराने थोडी मागे आणि पदवीने एक पायरी पुढे.

मंजुरीच्या पत्रात प्रकल्पाचं नाव दोन ओळी भरून लिहिलं होतं. 'हवामान-तटस्थ व चक्राकार अर्थव्यवस्थेकडे जाताना द्राक्षकाड्यांपासून तयार केलेल्या बायोचारची भूमिका.' सरांनी ते तीनदा वाचलं. त्याचं साध्या मराठीत भाषांतर केलं तर एवढंच उरत होतं, काड्यांचा कोळसा. आणि काड्यांचा कोळसा हा यज्ञेश्वर गायधन्यांचा विषय होता. निदान त्यांना तसं वाटत होतं, आणि इतकी वर्षं त्यांच्या त्या वाटण्याला कुणी आडवं गेलेलं नव्हतं, कारण कुणाला त्यात रसच नव्हता.

गायधन्यांचं घर पंचवटीतलं. पिढ्यान् पिढ्या गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, येणाऱ्या यात्रेकरूंचं उपाध्येपण त्यांच्याकडे. घरात दोन कपाटं भरून लाल कापडात बांधलेल्या वह्या होत्या. कोणत्या गावाहून कोण आलं, कधी आलं, बरोबर कोण होतं, बापाचं नाव काय, आज्याचं काय, हे सगळं त्यात, आणि खाली आलेल्या माणसाची सही. यज्ञेश्वरचे वडील, अण्णा, स्वभावाने मऊ होते, पण वहीच्या बाबतीत फार कडक. एखादा यजमान म्हणायचा, "गुरुजी, धाकट्या भावाचंही नाव घालून टाका, त्याला यायला जमलं नाही." अण्णा दौत बाजूला सरकवायचे आणि म्हणायचे, "येईल तेव्हा लिहील. वहीत आलेल्याचंच नाव असतं." त्यावरून दक्षिणा बुडाली तरी त्यांना चालायचं.

यज्ञेश्वरने उपाध्येपण धाकट्या भावाला, आल्हादला, दिलं आणि स्वतः एम.एस्सी. करून कॉलेजात लागला. घाटावर दुसऱ्यांची नावं लिहीत बसण्यापेक्षा आपलं नाव कुठे तरी लिहिलं जावं, अशी त्याची इच्छा होती. यात वाईट काही नाही. पण ही इच्छा पन्नाशीपर्यंत पुरी झाली नाही की ती आंबायला लागते, आणि गायधनी सरांची आता चोपन्नाव्या वर्षी चांगलीच आंबली होती.

सोळा वर्षांपूर्वी दिंडोरीला एका मित्राच्या बागेत ते छाटणी बघायला गेले होते. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एक चैत्रात, ती खरड छाटणी, आणि दुसरी आश्विनाच्या आगेमागे, ती गोडी छाटणी, जिच्यानंतर घड धरतात. दोन्ही वेळा बांधावर काड्यांचे ढीग पडतात आणि शेतकरी ते पेटवून मोकळे होतात. सरांनी तो धूर पाहिला आणि त्यांच्या डोक्यात विचार आला, की हे असं उघड्यावर जाळण्यापेक्षा हवा बंद करून भाजलं तर कोळसा होईल, आणि तो जमिनीत घातला तर जमिनीचं भलं होईल. मग कॉलेजच्या प्रयोगशाळेमागे एक डांबराचं जुनं पिंप आलं, त्याला झाकण बसलं, आणि दर रविवारी सर तिथे काळे होऊन घरी जायला लागले. श्यामलाबाई, त्यांच्या पत्नी, त्यांना मागच्या दाराने घरात घेत.

काड्या आणून द्यायचा पुंजा. पुंजा सोमा भोये, पेठकडच्या डोंगरातला. पावसाळ्यात घरी भात-नागली करायची आणि छाटणीच्या हंगामात टोळीबरोबर दिंडोरीला उतरायचं, हा त्याचा वर्षाचा नेम. छाटणीची कात्री त्याच्या हातात अशी चालायची की बघत राहावं. पहिल्याच वर्षी आश्विनात सरांनी काड्या मागितल्या तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, "सर, ह्या नका नेऊ. आमी ह्या चुलीतबी घालत नाय. जाळ हिरवा येतो. भाकर कडू लागती."

सरांनी एक काडी पेटवून पाहिली. जाळाच्या कडेला खरोखर हिरवी झाक होती. रसायनशास्त्राच्या माणसाला आणखी काही सांगायची गरज नव्हती. पावसाळाभर बागेवर मोरचुदाचे फवारे बसतात, मोरचूद म्हणजे तांबं, आणि ते सालीवर चढून बसतं. काडी भाजून कोळसा केला की काडी आटते, तांबं तेवढंच राहतं. असला कोळसा मातीत गेला तर मोठं झाड एक वेळ सोसेल, कोवळं रोप मुळाशीच मरेल. चैत्रातल्या काड्यांना तो त्रास नव्हता, पाऊस आणि फवारे सरून तोवर कितीतरी महिने झालेले असत. सरांनी तिथल्या तिथे पुंजासमोरच नोंदवहीत लिहिलं, 'आश्विनातल्या काड्या घेऊ नयेत. तांबे.' खाली स्वतःची सही केली. पुंजाचं नाव लिहायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

त्यांनी अनुदानासाठी दोनदा अर्ज केला. पहिल्या वेळी उत्तर आलं, 'विषय केवळ स्थानिक महत्त्वाचा आहे.' सात वर्षांनी दुसऱ्यांदा केला तेव्हा उत्तर आलं, 'नावीन्य आढळत नाही, तसेच अर्जदार पीएच.डी. धारक नाहीत.' दोन्ही पत्रं सरांनी जपून ठेवली होती. नंतर जगात हवा बदलली, म्हणजे शब्दशः बदलली, आणि सरकारला कचऱ्याबद्दल एकाएकी प्रेम वाटू लागलं. जी गोष्ट काल स्थानिक महत्त्वाची होती ती आज पृथ्वी वाचवायला लागली. पण तोवर पिंपाचं बूड गंजून गेलं होतं आणि सरांनी ते भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं.

यशश्रीने चोरी केली, असं म्हणायला त्यांना फार आवडलं असतं. श्यामलाबाईंपाशी ते एकदा म्हणालेही. "माझंच पिंप बघून शिकली आणि माझ्याच विषयावर पैसे आणले."

"कोळसा काय तुमचा एकट्याचा आहे का?" श्यामलाबाई भाजी निवडत म्हणाल्या. "तुम्ही जळताय, दुसरं काही नाही."

सरांनी वर्तमानपत्र उघडलं. जळतोय हे खरंच होतं आणि त्याचं कारण त्यांनी बायकोला सांगितलेल्या कारणापेक्षा वाईट होतं. यशश्रीच्या अर्जात एक गोष्ट अशी होती जी त्यांना सोळा वर्षांत सुचली नव्हती. डोंगरातले लोक भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजतात. म्हणजे रोपाच्या तुकड्यावर फांद्या, पाला, शेण पसरून पेटवून देतात, मग त्या भाजलेल्या मातीत बी टाकतात. त्यासाठी दर वर्षी झाडं छाटावी लागतात आणि डोंगर उघडा पडत जातो. यशश्रीने लिहिलं होतं, की खालच्या बागांतल्या काड्या जाळण्याऐवजी त्यांचा कोळसा करावा आणि तो वर डोंगरात राबाऐवजी वापरावा. दोन्हीकडचा धूर वाचेल. किती साधी गोष्ट होती. सर पुंजाला इतकी वर्षं ओळखत होते, त्याच्या हातून काड्या घेत होते, पण जून महिन्यात हा माणूस घरी जाऊन काय करतो, हे त्यांनी त्याला कधी विचारलंच नव्हतं. तिने पहिल्याच भेटीत विचारलं.

ही गोष्ट त्यांना टोचत राहिली.

मंजुरीनंतर आठवडाभरातच यशश्री त्यांच्या टेबलाशी आली. "सर, तुम्ही सहसंशोधक म्हणून या ना प्रकल्पात. मला तुमच्या अनुभवाचा फार उपयोग होईल."

आता माणसाने काय म्हणावं? जे नाव कागदावर यावं म्हणून अर्धं आयुष्य घालवलं ते ती ताटात वाढून देत होती. पण तिच्या प्रकल्पात दुसरं नाव म्हणून. सर म्हणाले, "मला कुठे वेळ आहे, यशश्री? परीक्षेचं काम आहे, नॅकची फाइल आहे. तू कर, तू हुशार आहेस." हुशार हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की तो तिला लागायला हवा होता. तिला लागला नाही. ती म्हणाली, "ठीक आहे सर, पण मी अधूनमधून विचारत जाईन."

सरकारी पैशाची एक खोड आहे. तो मागाल तेव्हा येत नाही आणि येतो तेव्हा मार्चअखेर संपवावा लागतो. यशश्रीचा पैसा सप्टेंबरच्या शेवटी आला. लगोलग अंबडच्या एका कारखान्यातून बंद तोंडाची भट्टी बनवून घेतली गेली, ती प्रयोगशाळेमागे अगदी पिंपाच्या जुन्या जागीच उभी राहिली, आणि तिच्यावर प्रकल्पाचा निळा फलक लागला. काड्या आणायला तिने पुंजालाच धरलं. आणि पैसा सप्टेंबरात आला म्हणजे काड्या आश्विनातल्या आल्या.

भट्टी पेटायच्या आदल्या दिवशी ती व्हरांड्यात उभी होती. पुंजा टेम्पोतून भारे उतरवत होता. सर छत्री काखेत मारून घरी निघाले होते.

"सर, एक मिनिट," यशश्री म्हणाली. "या गोडी छाटणीच्या काड्या आहेत. कोळशाला चालतील ना? तुम्ही पूर्वी केलंय म्हणून विचारते."

सरांनी भाऱ्यांकडे पाहिलं. सालीवर निळसर पांढरा थर इतका स्वच्छ दिसत होता की तिला कसा दिसत नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. मग लक्षात आलं, ही कांद्याच्या गावची. हिला काडीची साल वाचता येत नाही. आणि त्या क्षणी त्यांना जे वाटलं ते लिहायला बरं दिसत नाही, पण वाटलं ते असं, की बरी सापडली.

"चालतील की," सर म्हणाले.

पुंजा भारा डोक्यावर घेऊन तिथेच थांबला. त्याने सरांकडे पाहिलं.  सर पायऱ्या उतरून गेले.

त्यानंतरचे काही महिने सरांचे बरे गेले, असं खोटं कशाला सांगू. बाहेरून बरे गेले. यशश्रीचा फोटो पेपरात आला तेव्हा त्यांनी तो शांतपणे पाहिला. प्राचार्यांनी सभेत तिचं नाव घेऊन 'आपल्या कॉलेजची शान' वगैरे म्हटलं तेव्हा टाळ्या वाजवल्या. मनात एक गोष्ट त्यांनी गोळीसारखी चघळत ठेवली होती. वाजवा टाळ्या. जूनमध्ये बघू. तज्ज्ञांची समिती येईल, रोपं पिवळी पडलेली दिसतील, आणि कुणी तरी विचारेल, बाई, तांबं तपासलं नाहीत का? त्या वेळी आपण काय चेहरा करायचा हेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं. हळहळीचा.

भट्टीकडे मात्र ते गेले नाहीत. तिकडून धूर आला तर खिडकी लावून घेत. शेडमध्ये कोळशाच्या गोण्या रचलेल्या त्यांना जिन्यावरून दिसत आणि ते मान फिरवत.

फासा उलटा पडला तो मे महिन्यात, सुट्टीत. पगाराच्या कागदावर सही करायला ते कॉलेजात आले होते. शिपाई म्हणाला, "देवरे मॅडम पुंजाच्या पाड्यावर गेल्या. पहाटेच पिकअप भरून गोण्या नेल्या. सहा घरांच्या राबाला आज कोळसा टाकणार आहेत. पहिलं घर पुंजाचंच."

सर सही करता करता थांबले. इतके महिने त्यांनी यशश्रीची फजिती मनात रंगवली होती. त्या चित्रात समिती होती, प्राचार्य होते, पेपरवाले होते. पण रोपं होती ती नुसती हिरवी पिवळी, कुणाची तरी. ती पुंजाची असतील, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. किंवा आलं असेल आणि त्यांनी मान फिरवली असेल. डोंगरातल्या माणसाकडे रोपाचा एकच तुकडा असतो. त्यातलं रोप गेलं की आवणीला, म्हणजे लावणीला, हातात काही नाही, आणि आवणी गेली की वर्षभराचं भात गेलं. सहा घरांचं.

त्यांनी यशश्रीला फोन लावला. लागला नाही, तिकडे घाटाखाली रेंज नसते हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा त्यांनी श्यामलाबाईंना फोन केला. "मी पेठला जाऊन येतो."

"आत्ता? या उन्हात? कशाला?"

"काम आहे," सर म्हणाले. मग म्हणाले, "तू म्हणाली होतीस ना, जळताय. तेच निस्तरायला."

पेठच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. दोन तासांच्या रस्त्यात त्यांनी एकच प्रार्थना केली, की अजून गोण्या फोडलेल्या नसाव्यात. आणि खरं सांगायचं तर दुसरीही एक केली. आपण सांगू तेव्हा 'मला आत्ता आठवलं' एवढं म्हणून भागावं. माणूस पाप निस्तरायला निघाला तरी थोडं स्वतःपुरतं मागे ठेवतोच.

पाडा रस्त्यापासून अर्धा तास चालीवर. सर घामाने निथळत पोचले तेव्हा पुंजाच्या घरामागच्या उतारावर आठदहा माणसं उभी होती. दोऱ्या बांधून रोपाच्या तुकड्याचे दोन भाग केलेले. एका भागात रीतीप्रमाणे राब भाजलेला, दुसऱ्या भागात काळा चुरा पसरलेला, अगदी काठापर्यंत. पुंजाची बायको भागीबाई रिकाम्या गोण्या झटकून घडी करत होती.

उशीर झाला होता. सर बांधावर मटकन बसले.

"सर! तुम्ही इथे?" यशश्री धावत आली. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. पाण्याची बाटली त्यांच्या हातात देत ती लोकांकडे वळली. "हेच ते गायधनी सर. मी सांगत होते ना? यांनी वेळेवर निरोप पाठवला नसता तर मी तुमची सगळ्यांची रोपं मारली असती."

सर बाटली तोंडाला न लावता तिच्याकडे बघत राहिले.

"कसला निरोप?"

"असं काय करता, सर? आश्विनातल्या काड्यांचा. पुंजादादांनी भट्टी पेटायच्या दिवशी सकाळीच सांगितलं, की सरांना रात्री आठवलं, त्यात तांबं असतं. मी लगेच तपासून घेतलं. केवढं निघालं म्हणून सांगू. त्या काड्यांवर मी नुसती भट्टी लावून बघितली आणि तो सगळा कोळसा शेडमध्ये वेगळा ठेवला. हा चैत्रातला आहे." तिने घडी केलेली गोणी उचलून दाखवली. वर मोठ्या अक्षरात 'एप्रिल' लिहिलेलं होतं. "मला वाटलं, तुम्हाला माझ्याशी बोलायचं नाही म्हणून त्यांच्याकडून कळवलंत. मी पण मग विषय काढला नाही."

लोकांनी सरांना नमस्कार केला. भागीबाईने घरातून चहा आणला आणि पहिला कप त्यांच्यापुढे धरला. यशश्रीने पिशवीतून एक फाइल काढली. "बरं झालं आलात. अहवाल या आठवड्यात पाठवायचाय, तुमची सही लागणारच होती. हे बघा." पान उघडून तिने एका ओळीवर बोट ठेवलं. 'ऑक्टोबर छाटणीच्या काड्यांतील तांब्याविषयी पूर्वसूचना: प्रा. यज्ञेश्वर गायधनी.' नावापुढे सहीसाठी जागा सोडलेली होती.

सरकारी शिक्क्याचा कागद, छापलेलं नाव. सोळा वर्षं ज्याच्यासाठी ते तडफडत होते ते त्यांच्या मांडीवर होतं, आणि फक्त सही करायची होती. त्यांनी खिशातून पेन काढलं. ते टोपण उघडेपर्यंत त्यांना मोह झाला नाही, असं समजू नका. चांगला झाला.

"पुंजा," त्यांनी हाक मारली. पुंजा दूर उभा राहून दोरी गुंडाळत होता, तो जवळ आला. "मी तुला निरोप कधी दिला?"

पुंजा खाली बघत म्हणाला, "दिला ना सर. लय वर्सं झाली. तुमी वहीत लिवलं व्हतं, मी समोर व्हतो. तेच मॅडमला सांगितलं."

"ते तूच मला सांगितलं होतंस."

"मी सांगितलं तर कोण लिवून घेतंय, सर? तुमचं नाव घातलं म्हंजी लगी तपासाया घेतलं." तो पुन्हा दोरी गुंडाळायला लागला. "आन त्या दिवशी तुमच्या तोंडून चुकून गेलं आसंल, म्हनलं. मोठ्या मानसाला चारचौघांत कसं बोलावं."

तो चुकून गेलं म्हणाला, पण सरांना कळलं की त्याला सगळं कळलेलं आहे. त्या दिवशी डोक्यावर भारा घेऊन तो थांबला होता तेव्हाच कळलं होतं. आणि तरी त्याने रोपही वाचवलं आणि सरांची अब्रूही. सरांना आठवले अण्णा, दौत बाजूला सरकवणारे. वहीत आलेल्याचंच नाव असतं.

"यशश्री," सर म्हणाले, "तू व्हरांड्यात विचारलंस तेव्हा मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तांब्याचं. चालतील म्हणालो ते जाणूनबुजून म्हणालो. निरोप मी पाठवलेला नाही. पुंजाने आपल्या मनाने दिला. मूळ गोष्टही त्याचीच आहे, सोळा वर्षांपूर्वी त्याने मला सांगितली आणि मी तिच्याखाली माझी सही केली."

यशश्रीचा चेहरा हळूहळू बदलला. "पण का, सर?"

"जळत होतो तुझ्यावर. अजूनही जळतो. आत्ता हा काळा तुकडा बघितला तेव्हासुद्धा पहिलं मनात आलं ते हेच, की मला का नाही सुचलं."

 तिने काळ्या तुकड्याकडे बोट केलं. "आणि यांची रोपं गेली असती तर?"

 भागीबाई चहाची किटली घेऊन उभी होती. तिला सगळं समजलं नसेल, पण रोपं हा शब्द समजला. ती सरांकडे बघत राहिली, आणि दुसऱ्यांदा चहा ओतायला पुढे झालेला तिचा हात मागे गेला. गायधनी सरांना आयुष्यात पुष्कळ नकार आले होते, टंकलिखित, शिक्क्यासकट. एवढा स्वच्छ नकार पहिल्यांदाच आला.

त्यांनी अहवालाच्या त्या ओळीतलं आपलं नाव आडवी रेघ मारून खोडलं आणि फाइल पुंजापुढे धरली. "लिही. तुझं नाव, तुझ्या हाताने."

"ऱ्हाऊ द्या ना सर."

"लिही."

पुंजाने हात जुन्या लुगड्याच्या फडक्याला पुसले. फाइल गुडघ्यावर घेतली आणि चौथीपर्यंतच्या शाळेत गिरवलेली अक्षरं एकेक करून मांडायला लागला. पुंजा. मग सोमा, त्याचा बाप. मग भोये. यशश्री त्याच्या शेजारी उकिडवी बसून कागद धरून होती. तिने सरांकडे न बघता विचारलं, "तुमचं नाव कुठे घालू, सर?"

"नको घालू. मी आलो नव्हतो."

पुंजाने शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली. अक्षरं वाकडीतिकडी होती, पण कागद सरकारी होता आणि नाव आता त्याच्यावर चढलं होतं. जे सरांना सोळा वर्षांत जमलं नाही ते पाच मिनिटांत झालं होतं, आणि सर पुन्हा जळत होते. आता पुंजाचा हेवा. ते मनाशी हसायला गेले, पण हसू आलं नाही.

"हे घ्या सर, तुमचं पेन," पुंजा म्हणाला आणि टोपण लावून त्याने ते दोन्ही हातांनी परत दिलं. सरांनी ते घेतलं. त्याच्या तोंडाकडे बघणं मात्र त्यांना जमलं नाही.